बीज सोडण्याआधी धोंडा उलटा

दरवर्षी मार्च महिन्याच्या पहिल्या तारखेस हिमाचल प्रदेशातील ट्राउटच्या नद्यांवरची चार महिन्यांची मासेमारीची बंदी उठते, आणि त्या सुमारास चंडीगडहून बिलासपूर-मंडीच्या वाटेने कुल्लूकडे जाणाऱ्या गाड्यांत, सफरचंदाचे व्यापारी, मधुचंद्रास निघालेली जोडपी आणि मणिकरणचे यात्रेकरू यांच्या दाटीत, एखादा तरी असा इसम बसलेला असतो की ज्याच्या मांडीवर एक लांबट नळकांडे आणि खिशात पानसुपारीची वाटावी अशी चपटी डबी असते. गेली कित्येक वर्षे तो इसम मी आहे. डबीत सुपारी नसते, माशा असतात. त्याही मेलेल्या नव्हेत की जिवंत नव्हेत, कोंबड्याच्या पिसांच्या आणि शालीच्या लोकरीच्या, मी स्वतः हिवाळ्यात रात्री बसून बांधलेल्या. माशीने मासा धरायचा असा हा धंदा आहे, आणि त्यात मासा हाती लागण्यापेक्षा माशी हाती लागणे अधिक कठीण असते हे सांगूनही कोणास पटत नाही.

मी मूळचा सातारा जिल्ह्याचा. हिशेबतपासणीच्या खात्यात उमेदवारी करीत, बदलीचे हुकूम येतील तिकडे बिऱ्हाड हलवीत, अखेर या आखीव सेक्टरांच्या शहरी येऊन ठेपलो आणि सेवानिवृत्तीनंतर इथलाच झालो. चंडीगडात मासे नाहीत असे नव्हे. सुखना चो नावाच्या पावसाळी ओढ्यास १९५८ साली बांध घालून जो तलाव केला, त्यात रोहू-कटला आहेत आणि त्याच्या काठी गळ टाकून तासन्‌तास बसणारी सोशिक माणसेही मी पाहिली आहेत. परंतु ट्राउट हा थंड पाण्याचा जीव. पाणी २० अंशांच्या वर चढू लागले की त्याचे अन्नावरचे मन उडते, आणि मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जाणाऱ्या या मुलखात त्याची आशा धरणे व्यर्थ. म्हणून इथल्या माणसाने माशी बांधायची ती सेक्टरातल्या घरी, पंखा बंद करून (पंखा चालू ठेवला की पिसे शेजारच्या खोलीत सापडतात), आणि टाकायची ती अडीचशे किलोमीटरांच्या आसपास दूर असलेल्या तीर्थन नदीत.

ज्यांना हा विषय सर्वस्वी अपरिचित आहे त्यांच्यासाठी एवढे सांगितले पाहिजे की, डोंगरी नदीतल्या ट्राउटचे बरेचसे अन्न म्हणजे त्या नदीतले कीटक. त्यांतील 'मेफ्लाय' नावाचा कीटक आपल्या आयुष्याचे बहुतेक दिवस पाण्याखाली धोंड्याच्या पोटाशी चिकटून काढतो, आणि एके दिवशी वर येऊन, कात टाकून, उभे पंख सावरीत, होडीसारखा प्रवाहाबरोबर वाहू लागतो. पंख फुटल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकसृष्टीतला हा एकटाच. आणि प्रौढ झाल्यावर त्यास खाण्यालायक तोंडच उरत नाही, म्हणून दिवस-दोन दिवसांत विवाह, प्रजोत्पादन आणि मरण असा सारा प्रपंच तो उपाशीपोटी उरकतो. पंख वाळवीत तो पाण्यावर तरंगत असतो त्या क्षणी मासा खालून येऊन त्यास टिपतो. त्या तरंगत्या कीटकाची गळावर बांधलेली प्रतिकृती म्हणजे 'ड्राय फ्लाय', कोरडी माशी. ती बुडाली की संपली.

माझा हात बसला आहे तो 'अ‍ॅडम्स' नावाच्या माशीवर. १९२२ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात लेन हॅलाडे नावाच्या गृहस्थाने ती प्रथम बांधली. तिचे वैशिष्ट्य असे की ती कोणत्याही एका कीटकाची नक्कल नाही. लांबून पाहिली असता सर्वांसारखीच दिसते, आणि बहुश्रुत माणसाप्रमाणे सगळीकडे खपून जाते. सोळा नंबरचा गळ घेतला तर तो तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. तो व्हाइसच्या, म्हणजे छोट्या शिकंज्याच्या, जबड्यात आवळायचा. सेक्टर २२ च्या शास्त्री मार्केटातून आणलेल्या भरतकामाच्या रेशमाचा एकच पदर सुटा करून, त्यावर मेण ओढून, तो गळाच्या दांडीवर गुंडाळायचा. मागे शेपटीसाठी तांबड्या आणि कबऱ्या कोंबड्याच्या पिसांचे पाच-सहा तंतू बांधायचे. अंगासाठी रूढ कृतीत मस्करॅट नावाच्या पाणउंदराची करडी लव सांगितली आहे. ती इथे कोठून आणावी? कुल्लूच्या एका जुन्या शालीच्या काठातून निघालेली करडी लोकर मी बोटांत चोळून दोऱ्यास लावतो. शाल घरातली आहे, आणि तिचा काठ दर हिवाळ्यात आखूड होत चालला असल्याचे अद्याप उघडकीस आलेले नाही.

मग येते मानेचे पीस, आणि सारी परीक्षा तिथे. कोवळ्या कोंबड्याचे पीस घेऊ नये. त्याचे तंतू मऊ, बुडाशी जाळीदार आणि पाणी पिणारे असतात. म्हातारा, भांडखोर, उकिरड्यावर राज्य केलेला कोंबडा पाहिजे, कारण त्याच्या मानेवरच्या लांबट पिसांचे तंतू तारेसारखे ताठ उभे राहतात. मनीमाजऱ्यातील कोंबडीवाल्यास माझी फर्माईश आता पाठ झाली आहे: मांस नको, मान हवी. त्या पिसाच्या तंतूंची लांबी गळाच्या तोंडाच्या रुंदीच्या साधारण दीडपट असावी लागते. पीस दांडीशी काटकोनात उभे धरून चार-पाच वेढे द्यायचे, म्हणजे तंतू चहूंकडे किरणांसारखे फाकतात, आणि त्यांच्या टोकांवर माशी पाण्याच्या तणावलेल्या कातडीवर, ती न फाडता, उभी राहते. नवशिक्याची हटकून होणारी चूक म्हणजे गळाच्या नेढ्यापाशी जागा न ठेवणे. पहिल्या वर्षी माझ्या कित्येक माशांची नेढी पिसांनी आणि डिंकाने बुजून गेली होती, आणि नदीवर गेल्यानंतर, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी, दोरा ओवायला भोक नाही हे ध्यानात आले. हिशेबात शेवटची ओळ लिहायला जागा न ठेवणाऱ्या कारकुनास मी जन्मभर रागे भरलो होतो. त्या दिवशी त्याची क्षमा मागावीशी वाटली.

पिसांनी मासे धरण्याची युक्ती फार जुनी. मॅसिडोनियातील लोक एका नदीवर गळास किरमिजी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याच्या गळ्याशी लोंबणाऱ्या लोळीखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे बसवीत, असे इलियन नावाच्या रोमन ग्रंथकाराने सुमारे १८०० वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. मात्र माशी तरंगलीच पाहिजे, ती प्रवाहाच्या वरच्या अंगासच टाकली पाहिजे, आणि मासा पृष्ठभागावर खात असल्याचे प्रत्यक्ष दिसल्याखेरीज टाकताच कामा नये, हा कर्मठ धर्म स्थापिला तो इंग्लंडातील फ्रेडरिक हॅलफर्ड याने, १८८६ साली तरंगत्या माशांवर ग्रंथ लिहून. त्याचे अनुयायी त्याच्याहून कडवे निघाले. पुढे १९१० साली स्क्यूज नावाच्या वकिलाने असे निदर्शनास आणले की मासा आपले पुष्कळसे अन्न पाण्याखालीच खातो, आणि मग बुडती अळी बांधण्यात पाप ते कोणते? या प्रश्नावर लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात १९३८ साली, म्हणजे युरोपात महायुद्धाची कुऱ्हाड डोक्यावर लटकत असताना, रीतसर वादसभा झाली. आपल्याकडचे शैव-वैष्णवांचे वाद ज्यांनी ऐकले आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही. मी स्वतः स्क्यूजच्या पक्षाचा आहे, आणि तरीही कोरडीच माशी टाकतो. त्याचे कारण पुढे येईल.

ट्राउट हा हिमालयाचा मूळ रहिवासी नव्हे. काश्मीरात त्याची अंडी परदेशातून बर्फात घालून आणली गेली आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ती तिथे रुजली. तिथून १९०९ साली कुल्लूचे असिस्टंट कमिशनर हॉवेल यांनी ती बियास नदीच्या खोऱ्यात नेली आणि महिली येथे मत्स्यबीज केंद्र काढले. ते केंद्र १९४७ च्या पुरात वाहून गेले. पुढे बरोट व पतलीकुहल येथे केंद्रे झाली. पतलीकुहलला नॉर्वेच्या सहकार्याने रेनबो ट्राउटची शेतीही सुरू झाली. मुलकी अंमलदारांनी आपल्या सुट्टीच्या करमणुकीसाठी परक्या नदीत परका मासा सोडला, एवढ्यावर ही कैफियत संपते असे कोणास वाटेल, आणि तो आक्षेप मी पुढे विचारात घेणार आहे. पण त्याआधी एका पिसाची हकीकत सांगितली पाहिजे, कारण तिने या विषयातले माझे परकेपण कायमचे घालविले.

चंडीगडात स्थायिक झालेल्या एका वृद्ध स्नेह्याने आपली जुनी पेटी मला दिली. तीत बुरशी आलेल्या माशांच्या ओळींखाली कागदात गुंडाळलेली पक्ष्याची एक मान निघाली: काळसर राखी पिसे, आणि प्रत्येक पिसाच्या टोकास लाखेचा किंवा पिवळट मेणाचा थेंब सांडून वाळावा तसा चकचकीत ठिपका. मी ती ओळखली. लहानपणी कोयनेच्या अंगास, करवंदांच्या जाळीतून पहाटे आरवणारा राखी रानकोंबडा मी पाहिला होता, आणि त्याची ही मान होती. सह्याद्रीचा आणि दक्षिणेचा हा पक्षी सॅल्मन माशासाठी इंग्रज बांधीत त्या माश्यांवर डोळा म्हणून बसविला जाई, आणि त्यासाठी त्याची इतकी हत्या झाली की १९६० च्या दशकाच्या अखेरीस या पिसांची निर्यात बंद करावी लागली. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. पेन्सिल्व्हेनियातील व्हिन्सेंट मॅरिनारो याने १९५० साली कोरड्या माशीवर जे पुस्तक लिहिले, त्यातील त्याची गाजलेली माशी म्हणजे याच रानकोंबड्याचे एक पीस गळावर आडवे बांधून केलेला 'जॅसिड'. हा जॅसिड कोण? आपल्या कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या शिव्या खाणारा तुडतुडा. सह्याद्रीच्या कोंबड्याच्या मानेवर अमेरिकेत तुडतुडा जन्मास यावा आणि त्यास पाहून तिथल्या माशाने तोंड उघडावे, असा हा पिसांचा व्यापार होता. सुखनामागच्या शिवालिकच्या रानात तांबडा रानकोंबडा आहे, जगातल्या साऱ्या पाळीव कोंबड्यांचा तो कुलपुरुष. आणि पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या पायांचा गुण मात्र त्यांच्यात आमच्या राखी रानकोंबड्याकडून आला, असे शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखविले आहे. ती मान मी तशीच कागदात बांधून ठेवली आहे. तिच्यातले एकही पीस मी वापरलेले नाही, आणि वापरणार नाही.

आता नदीवर चला. औटपाशी मोठा रस्ता सोडून बंजारच्या बाजूस वळले की तीर्थनचे खोरे लागते. वर ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान, ज्यास २०१४ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, आणि खाली लारजी, जिथे तीर्थन व सैंज एकत्र होऊन बियासला मिळतात आणि जिथे धरण आहे. सैंजवर वीजप्रकल्प झाले. तीर्थनवर योजलेले छोटे प्रकल्प खोऱ्यातल्या लोकांनी झगडून रद्द करविले, म्हणून ती अजून आपल्या मर्जीने वाहते. गुशैणीच्या वरच्या अंगास, एप्रिलमधल्या एका संध्याकाळी, एका घराएवढ्या धोंड्याच्या मागे पाणी थोडे विसावत होते, आणि त्या विसाव्याच्या व धारेच्या सीमेवर दर मिनिट-दोन मिनिटांनी एक लहानशी वर्तुळाकार लाट उठे. ती लाट म्हणजे मासा. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. दोरी मागे-पुढे दोनदा हवेत खेळवून, माशी वाळवून, लाटेच्या वर हातभर अंतरावर टाकली. ती तरंगत आली. आणि लाटेच्या जागी पोचण्याच्या बेतात असताना दोरीचा मधला भाग जलद धारेने ओढला, माशी सरळ वाहण्याऐवजी तिरकी सरकली, तिच्यामागे पाण्यावर बारीक रेघ उमटली, आणि मासा खाली गेला. खरी माशी पाण्यावर कधी रेघ ओढीत नाही, एवढे ज्ञान त्यास उपजत असते. दुसऱ्या खेपेस तेच झाले. तिसऱ्या खेपेस मी दोन पावले वर सरकून दोरी सैल, नागमोडी पडेल अशी टाकली, आणि ती नागमोड सरळ होण्यास जे तीन-चार क्षण लागले, तेवढ्यात माशीच्या जागी पाण्यास एक खळी पडली.

तपकिरी ट्राउट, वीतभराहून थोडा मोठा, पोटाशी लोण्याचा रंग, कुशीवर तांबडे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडे. गळाचा उलटा काटा मी घरीच चिमट्याने दाबून टाकतो, त्यामुळे मासा पाण्यातच ठेवून नुसता गळ मागे सरकविला की तो सुटतो. हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. माझा पहिला ट्राउट मी छायाचित्रासाठी इतका वेळ हवेत धरला की पाण्यात सोडल्यावर तो कुशीवर कलला आणि तसाच वाहत गेला. ते छायाचित्र माझ्यापाशी आहे, पण मी ते कोणास दाखवीत नाही.

त्या संध्याकाळी काठावर बसून पाहणारा गावचा एक म्हातारा पाण्यात उतरला आणि म्हणाला, "बाबूजी, मासा कुठे शोधता, धोंडा उलटा." त्याने एक धोंडा उचलून उताणा केला. ओल्या काळ्या बुडावर चपटे, तीन शेपट्यांचे, कडेला श्वासाचे बारीक पिसारे हलविणारे जीव इकडून तिकडे सैरावैरा धावले. वाळूच्या कणांची नळी करून तीत राहणारी एक अळी स्थिर राहिली. त्याने धोंडा पुन्हा जसाच्या तसा, त्याच कुशीवर, ठेवला. दुसऱ्या दिवशी बऱ्याच खाली, रस्त्याच्या कामाचा मलबा काठावरून लोटला होता त्याच्या पुढे, मी तसाच धोंडा उचलला. त्याच्या बुडास राखाडी चिखलाची साय होती. तीत एकही जीव नव्हता. वर पाणी मात्र तितकेच थंड आणि पाहणाऱ्यास तितकेच नितळ.

मला जे म्हणायचे आहे ते या दोन धोंड्यांच्या दरम्यान आहे. नदीची खबरदारी आपण घेतो म्हणजे काय करतो? परवाने देतो, बंदीची मुदत पाळतो, आणि मत्स्यबीज सोडतो. मत्स्यजिरे किती, बोटुकली किती, याचे आकडे दरवर्षी वार्षिक अहवालात येतात, मंत्रिमहोदयांच्या हस्ते बोटुकली सोडल्याचे छायाचित्र छापून येते, आणि हिशेब पुरा झाला असे सर्वांस वाटते. मी जन्मभर हिशेब तपासले आहेत, आणि माझ्या खात्याची भाषा वापरून सांगतो की ही निव्वळ जमेची बाजू आहे. सोडलेले बीज खाणार काय आणि पुढच्या पिढीची अंडी घालणार कोठे, याची नोंद कोणत्याच रकान्यात नसते. तपकिरी ट्राउटची मादी हिवाळ्याच्या तोंडी शेपटीने खडीत खळगा करून त्यात अंडी पुरते. त्या खडीच्या फटींतून वाहते पाणी खेळत राहिले तरच ती जगतात. त्याच फटींत कीटकांचे, अळ्यांचे घर. बारीक गाळाने त्या बुजल्या की अंडीही गुदमरतात आणि अन्नही जाते, आणि अशा जागी लाखभर बोटुकली सोडणे म्हणजे ओसाड गावी खानेसुमारी वाढावी म्हणून बाहेरून माणसे आणून बसविण्यासारखे आहे.

जुलै २०२३ मध्ये बियासच्या खोऱ्यात जो प्रलय झाला त्याने रस्ते, पूल, घरे नेली. त्या दुःखापुढे माशांची गोष्ट काढणे क्षुल्लक वाटेल. परंतु पूर हा नदीचा शत्रू नव्हे. तो खडी हलवितो, धुतो, पुन्हा पसरतो, आणि वर्षा-दोन वर्षांत कीटक वरच्या ओढ्यांतून परत येतात. त्यांना परत येऊ देत नाही तो रोजचा, बारमाही गाळ: डोंगर कापून थेट पात्रात लोटलेला मलबा, आणि बोगद्यात वळविलेल्या नदीच्या मागे उरलेले टिचभर पाणी. वीजप्रकल्पांनी किमान १५ टक्के प्रवाह नदीत सोडावा अशी हिमाचलात तरतूद आहे. तेवढा खरोखर सुटतो की नाही हे पाहण्यास यंत्रे बसवितात, आणि ती बसवावीतच. पण यंत्र बंद पाडता येते, कागद उशिरा भरता येतो. धोंड्याच्या बुडाशी राहणारी अळी वर्षभर तिथेच हजर असते. तिला रजा नाही, बदली नाही, आणि ती कोणाच्या दबावाखाली साक्ष फिरवीत नाही.

माझी तजवीज साधी आहे. कोणत्याही ठिकाणी मत्स्यबीज सोडण्याआधी खात्याच्या माणसाने तिथले दहा धोंडे उलटे करून पाहावेत, खाली कोणते जीव किती आढळले ते लिहावे, सही करावी, आणि तो कागद बीज सोडल्याच्या कागदास जोडल्याखेरीज बिल मंजूर होऊ नये. जिथे धोंड्याखाली काही नाही तिथे बीजाचा पैसा न घालता मलबा कोणी लोटला याची चौकशी व्हावी. या कामास प्रयोगशाळा लागत नाही; चार मुख्य जातींची ओळख खोऱ्यातल्या शाळेतील सातवीच्या मुलांस एका दुपारी होईल. आणि तीर्थनचा एखादा टापू असा राखावा की तिथे उलटा काटा नसलेली तरंगती माशी एवढेच चालेल, गांडूळ नाही, आमिषाचा धातूचा चमचा नाही, आणि धरलेला प्रत्येक मासा परत पाण्यात जाईल. मी कोरड्या माशीचा आग्रह धरतो त्याचे कारण हे: ती टाकणाऱ्यास पाण्यावर काय उडते, काय तरंगते, हे रोज पाहावेच लागते. गांडूळ लावणाऱ्यास नदी मेली तरी चार दिवस कळत नाही; कोरडी माशी टाकणाऱ्यास त्याच संध्याकाळी कळते, कारण पाण्यावर एकही वर्तुळ उठत नाही.

यावर आक्षेप येतील. परक्या माशासाठी एवढा खटाटोप कशाला? आक्षेप रास्त आहे. तपकिरी ट्राउट लहान मासे खातो आणि हिमालयातील मूळच्या असेला माशास त्याचा जाच झाला आहे. म्हणूनच ज्या ओढ्यांत तो अद्याप पोचला नाही तिथे त्याचे एकही बीज जाता कामा नये, असे मी ट्राउटचा भक्त असूनही म्हणतो. पण असेला याच खडीत अंडी घालतो, याच धोंड्यांवरचे शेवाळ खरवडून खातो. धोंडा राखला की दोघांचाही निवाडा त्यांच्या त्यांच्यात होईल. गाळात दोघेही हरतात. दुसरा आक्षेप असा की हा साहेबी षोक आहे. असेल, पण मानेची पिसे मनीमाजऱ्याची, रेशीम शास्त्री मार्केटचे आणि लोकर चोरीची. तिसरा आक्षेप, की खायचे नाही तर माशास गळ टोचावा कशाला, हा मात्र मला निरुत्तर करतो. मी त्याचे उत्तर बनवून सांगणार नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकास हे सारे दूरदेशीचे वाटत असल्यास त्याने आपल्या नद्यांकडे पाहावे. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या महाशीराचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली प्रसिद्ध केले, आणि दख्खनच्या त्या माशास त्यांनी दिलेले जातिनाम आजही कायम आहे. आज पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या काठी उभे राहून महाशीराचे नाव घेण्यास धीर लागतो. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने महाशीराच्या बीजनिर्मितीचे काम कित्येक दशके निष्ठेने चालविले, त्याचे मोल मी जाणतो. पण ते बीज जिथे सोडायचे तिथली वाळू आपण लिलावात काढतो. वाळू म्हणजे महसूल, एवढीच तिची व्याख्या तहसीलदाराच्या दप्तरी आहे. ती अळीचे घर आणि माशाचा पाळणा आहे ही नोंद तिथे नाही. महाडजवळ वाळणकोंडात देवीचे मासे म्हणून महाशीर पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदतात, ते देवीच्या धाकाने कोणी मासा मारीत नाही म्हणून, हे खरे. पण त्या डोहाच्या तळाशी धोंडे अजून धोंड्यांच्या जागी आहेत, हेही तितकेच खरे.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून हिमाचलात पुन्हा बंदी लागेल, आणि त्यानंतर अंडी घातलेल्या खडीवर कोणीही पाय ठेवता कामा नये. तेव्हा धोंडे उलटण्याचे काम ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यातच झाले पाहिजे. खात्यातील कोणी अधिकारी तीर्थनवर येण्यास तयार असतील तर मी चंडीगडहून येईन. वहीचे रकाने आखून आणीन, आणि पाण्यात उतरण्याचे बूटही माझे असतील.